ताशी उणे दोन शर्ट

सोमवार, ४

डॉक्टर म्हणतो, राग पोटात ठेवू नका, बाहेर काढा, पण माणसांवर नको. मग काय भिंतीवर काढू? माझ्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधून हा गृहस्थ माझ्याकडे असं बघत होता, जणू काही पट्टा मीच फुगवतेय. वन्संही सोबत होत्या. त्यांना तेवढंच हवं होतं. "लिहू दे की तिला. वही मी देते." घरी आल्यावर त्यांच्या शाळेच्या शिल्लक वह्यांतली एक माझ्यापुढे टाकली. चौकटींची, गणिताची. म्हणजे राग काढायचा तोही चौकटीत बसवून.

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. गणित शिकवायच्या. पेन्शनला चार वर्षं असताना शाळा सोडून घरी येऊन बसल्या, का ते आजतागायत सांगितलं नाही. हे बाहेरगावी गाडीवर, महिन्यातून एकदा उगवतात, त्यामुळे घरात आम्ही दोघीच. मी चौथीत शाळा सोडली. त्यांनी चोपन्नाव्या वर्षी सोडली. फरक एवढाच.

वही वाचायची नाही असं त्यांना बजावलंय. त्या म्हणाल्या, "तुझं अक्षर मला लागणारही नाही."

मंगळवार, ५

आज लिहायला कारण आहे.

मी लॉन्ड्रीत इस्त्रीखोलीची मुख्य. हाताखाली दोघी. एक लांबूडकी, ताडासारखी वाढलेली आणि तोंडाची फटकळ. दुसरी गोगलगाय, नावातच सगळं आलं. हॉटेलांच्या वेटरांचे पांढरे शर्ट आमच्याकडे येतात. त्या मला मोठ्या बाई म्हणतात. पाठीमागे 'चुणी' म्हणतात, तेही मला ठाऊक आहे.

मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. हा माणूस माझ्याशी बोलताना नेहमी टेबलावरचा पेपरवेट फिरवत असतो.

"बाई, हॉटेलवाले ओरडतायत. शर्ट वेळेवर जात नाहीत."

"मग त्या दोघींना बोलवा. मी काय हॉटेल चालवते?"

"तसं नाही. खोलीत माणसं तीन आणि काम दोघींचंही नाही. एकीला कमी करावं म्हणतो, तिच्या जागी इस्त्रीचं दाबयंत्र आणू. कोणाला ते महिनाअखेर तुम्ही सांगा."

"आत्ताच सांगते. गोगलगायीला."

पेपरवेट थांबला. "नुसतं 'मला वाटतं' नको, बाई. मागच्या वेळी तुम्हाला वाटलं, आपण त्या मुलीला काढलं, आणि आज ती समोरच्या लॉन्ड्रीत मुख्य आहे. मला आकडा द्या."

आकडा म्हणे. स्वतःला बोटांवर वाढदिवस मोजता येत नाही, आणि मला आकडा मागतो.

गुरुवार, ७

आकडा काढणं सोपं वाटलं होतं. दोघी इस्त्री केलेले शर्ट एकाच दांडीवर टांगतात, त्यामुळे कुणाचे किती ते कळत नाही. म्हणून आज दोन दांड्या लावल्या. ही तुझी, ही तुझी.

पाळी संपल्यावर मोजले. इकडे नव्वद, तिकडे नव्वद.

नव्वद आणि नव्वद! देवळातल्या समयासुद्धा इतक्या सारख्या नसतात. लांबूडकी आपले शर्ट गोगलगायीच्या दांडीवर टांगत होती, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. विचारलं तर म्हणते, "मोठ्या बाई, दांडी काय, जवळ असेल त्यावर टांगायचं." आणि दुसरी मान खाली घालून कफ दाबत बसली. साळसूद!

शर्टांचं म्हणाल तर कॉलरला चुणी दिसली की मी तो हँगरवरून ओढते, मुठीत गच्च चुरगाळते आणि परत टेबलावर फेकते. नुसता परत दिला तर या बया वरच्यावर इस्त्री फिरवून तोच टांगतात. चुरगाळला की पहिल्यापासून करावा लागतो. मला माझ्या पहिल्या बाईंनी हेच शिकवलं. पाठीवरून हात फिरवून कोणी शिकत नाही.

शुक्रवार, ८

वन्संना गाऱ्हाणं सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण घरात दुसरं कोण ऐकतंय? त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "वेगळे मोजायची गरजच काय? एकत्र बेरीज आणि प्रत्येकीचे तास माहीत असले की फोडता येतं."

"कसं?"

"दोन पिशव्या आहेत. पहिलीत सहा कांदे आणि चार बटाटे. दुसरीत सहा कांदे आणि सहा बटाटे. सगळे कांदे एका वजनाचे, सगळे बटाटे एका वजनाचे. दोन्ही पिशव्यांचं वजन तुला माहीत. जड पिशवीतून हलकी वजा केली तर उरतं काय?"

"दोन बटाटे."

"आणि कांदे?"

"गेले."

"लोप झाला त्यांचा. दोन बटाट्यांचं वजन कळलं की एकाचं कळलं. मग ते पहिल्या पिशवीत घालून कांद्याचंही निघतं. याला लोप पद्धत म्हणतात."

"एवढ्यासाठी सरकारनं तुम्हाला इतकी वर्षं पगार दिला?"

"निम्म्या मुलांना हे कधीच कळलं नाही," त्या म्हणाल्या आणि मेथीची काडी माझ्या वहीवर टाकली.

पण गोष्ट डोक्यात बसली. लांबूडकी म्हणजे क्ष आणि गोगलगाय म्हणजे य. अक्षरंही बघा कशी निवडलीत, क्षत्रियाशिवाय कोणी विचारत नाही असलं ते क्ष. दोन दिवसांचे तास आणि शर्ट पाहिजेत, आणि दोन्ही दिवशी तास तेच नकोत. वन्सं म्हणाल्या, तेच असले तर एकच पिशवी दोनदा तोलल्यासारखं होतं.

सोमवार, ११

आमच्याकडे वाफ सहा तासच मिळते, म्हणून पाळी सहा तासांची. आज गोगलगाय चार तासांनी गेली. वडिलांना दवाखान्यात न्यायचं म्हणे. हिचे वडील माझ्या मोजणीच्या दिवशीच बरे आजारी पडतात. लांबूडकी पूर्ण सहा तास.

मला मात्र आज खोलीत बसायलाच मिळालं नाही. काउंटरवरची आली नाही, म्हणून गिऱ्हाइकांच्या पावत्या फाडत बसले. शेवटचा तासभर आत गेले.

शर्ट एकशेचौऱ्याऐंशी.

मंगळवार, १२

आज दोघीही सहा सहा तास, आणि मीही सकाळपासून जागची हलले नाही. म्हटलं, दोन तास जास्त मिळालेत तर बघू काय दिवे लावतात.

दिवे! सकाळी मी दार उघडून आत आले तेव्हा दोघी काहीतरी बोलून हसत होत्या. मला बघून गप्प. मग दिवसभर खोलीत फक्त वाफेचा फुस्स आवाज. बोलणं बंद म्हणजे काम जोरात व्हायला हवं की नाही? उलटंच. गोगलगाय प्रत्येक कॉलर तीनतीनदा फिरवत होती आणि दर शर्टाला माझ्याकडे बघत होती. मी काय कॉलरवर छापलेय? लांबूडकी शर्ट टांगायची, परत उतरवायची, परत टांगायची.

एवढं करून कॉलरी वाकड्याच. मी इतके शर्ट चुरगाळून परत फेकले की संध्याकाळी मूठ मिटेना. दुपारी मागून जाऊन नुसतं "अगं!" म्हटलं तर गोगलगायीनं दचकून हात इस्त्रीला लावून घेतला. फोड आला. धांदरट ती धांदरट. मलम माझ्याच कपाटातलं गेलं.

शर्ट एकशेऐंशी. कालच्यापेक्षा दोन तास जास्त आणि शर्ट चार कमी! नाचता येईना अंगण वाकडं.

गुरुवार, १४

दोन ओळी मांडल्या. सहा क्ष आणि चार य मिळून एकशेचौऱ्याऐंशी. सहा क्ष आणि सहा य मिळून एकशेऐंशी. लांबूडकीचे तास दोन्हीकडे सहा, म्हणजे वजा केलं की ती गेली. बरं वाटलं. एवढी उंच बाई एका रेघेत गेली.

उरले दोन य.

"वन्सं, एकशेऐंशीतून एकशेचौऱ्याऐंशी कसे जाणार?"

"जातात. उणे चार."

"मग दोन य म्हणजे उणे चार. एक य म्हणजे..."

"उणे दोन."

मी खुर्चीतून उठलेच. गोगलगाय ताशी उणे दोन शर्ट इस्त्री करते! म्हणजे काय, इस्त्री केलेले चुरगाळते? बघा, मी म्हणत होते ते गणितानंही म्हटलं. पुढे लांबूडकीचंही काढलं. बत्तीस निघाले. ताशी बत्तीस शर्ट काही मी तिला करताना पाहिलं नाही, ताशी बत्तीस दात दाखवताना पाहिलंय. पण उत्तर ते उत्तर.

वन्संनी चष्मा काढून वहीतलं तेवढंच पान डोळ्यांजवळ धरलं. "वजाबाकी बरोबर आहे."

"मग तोंड का पाडलंत?"

"वजाबाकी बरोबर असून उत्तर खरं नसतं कधीकधी. माणूस उणे दोन शर्ट इस्त्री करू शकत नाही. पिशवीत कांदे-बटाट्यांशिवाय काहीतरी आहे, जे तू धरलेलं नाहीस. त्या खोलीत आणखी कोण असतं?"

"कोणी नाही."

"नीट आठव."

"अहो, कोणी नाही! त्या दोघी आणि मी."

वन्संनी चष्मा पुसला.  मग म्हणाल्या, "चहा टाकते." या घरात प्रश्न विचारतात आणि उत्तर मिळालं की चहा टाकतात.

शुक्रवार, १५

दोन ओळी, खाली उत्तर, कोऱ्या कागदावर सुवाच्य उतरवून काढलं. मालकांना देईन. महिनाअखेर कशाला, सोमवारीच देईन.

कागद टेबलावर होता तेवढ्यात गोगलगाय आली. बोटाला पट्टी. "मोठ्या बाई, मला काढणार आहेत का?"

"कोणी सांगितलं?"

"सगळ्यांना ठाऊक आहे. बाई, माझं घर या कामावर आहे. बाबांना मीच बघते. मला दुसरीकडे कोण घेईल? माझा हात सावकाश आहे, मला कळतं. पण काम वाईट नाही माझं."

"मला सांगून काय उपयोग? आकडे बोलतील."

मागून लांबूडकी म्हणाली, "आकडे कोण मोजतं?"

"मी."

"मग झालंच." आणि इस्त्री इतक्या जोरात आपटली की वाफ माझ्या चष्म्यावर आली.

जीभ आहे की कात्री! एकीला काढून भागणार नाही, दोघींना काढायला हवं.

सोमवार, १८

मालक बाहेरगावी. कागद माझ्या पर्समध्येच राहिला. घरी वन्संनी तो मागितला. दिला.

"हा देऊ नकोस."

"का? तुमचीच पद्धत."

"पद्धतीला दोष नाही. खोलीत तीन माणसं आणि तू अक्षरं दोनच घेतलीस. तिसरं घे. ज्ञ."

"ज्ञ कोण?"

"तू."

मी हसलेच. "वन्सं, मी मुख्य आहे. मी इस्त्री करत नाही, मी लक्ष ठेवते. माझे कसले शर्ट?"

"मग तुझं उत्तर शून्य येईल. एवढंच. घाबरतेस कशाला?"

घाबरते! मी! या बाईला कुठे टोचायचं ते बरोबर कळतं. मी म्हटलं, घ्या तुमचा ज्ञ, शून्य आलं की तोच कागद तुमच्या उशीखाली ठेवीन. पण आता अक्षरं तीन झाली, तर ओळीही तीन लागतात. अजून एक दिवस मोजायचा. त्या दोन दिवसांचे माझे तासही लिहायला लावले. सोमवारी एक, मंगळवारी सहा.

मंगळवार, १९

लांबूडकीची दाढ ठणकत होती, चार तासांनी गेली. देवानं कुठेतरी न्याय ठेवलाय. गोगलगाय सहा तास. मी दोनच तास होते, नंतर तो पट्टेवाला डॉक्टर. रक्तदाब अजून चढलेलाच. म्हणे, घरी ताण आहे का? मी म्हटलं, घरी नणंद आहे.

शर्ट एकशेबहात्तर. डॉक्टरकडून येऊन स्वतः मोजले.

बुधवार, २०

आज सगळं लिहिते, कारण उद्या मी हे खोटं म्हणेन.

तीन ओळी अशा. सहा क्ष, चार य, एक ज्ञ, एकशेचौऱ्याऐंशी. सहा क्ष, सहा य, सहा ज्ञ, एकशेऐंशी. चार क्ष, सहा य, दोन ज्ञ, एकशेबहात्तर.

वन्संनी फक्त खुर्ची ओढून घेतली आणि म्हणाल्या, "आधी मधलीकडे बघ. सगळीकडे सहा आहेत."

सहानं भागलं. एक क्ष, एक य, एक ज्ञ मिळून तीस. तिघी एक तास खोलीत असल्या की तीस शर्ट. छान, सुटसुटीत.

"आता ज्ञ घालवायचा," मी म्हटलं. मलाच घालवायचं, पण पद्धत म्हणजे पद्धत. पहिल्या ओळीतून ही छोटी ओळ वजा केली. माझा एक तास गेला. पाच क्ष, तीन य, एकशेचोपन्न. तिसऱ्या ओळीत माझे दोन तास, म्हणून छोटी ओळ दुप्पट करून वजा केली. दोन क्ष, चार य, एकशेबारा. निम्मं केलं. एक क्ष, दोन य, छप्पन.

आता लांबूडकी. एकीकडे पाच, दुसरीकडे एक. दुसरी ओळ पाचपट केली. पाच क्ष, दहा य, दोनशेऐंशी. त्यातून एकशेचोपन्नवाली वजा. क्ष गेला. सात य म्हणजे एकशेसव्वीस.

य म्हणजे अठरा.

गोगलगाय तासाला अठरा शर्ट करते. मी वन्संकडे बघितलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. लांबूडकीचे किती? छप्पनातून दोन अठरा गेले, वीस. एक वीस आणि एक अठरा. म्हणजे दोघींत फरक दोन शर्टांचा! त्या फटकळ ताडात आणि या गोगलगायीत तासाला फक्त दोन शर्टांचा फरक.

मग छोटी ओळ. वीस आणि अठरा अडतीस. माझ्यासकट तीस.

माझ्यासकट तीस.

मी पेन्सिलीला टोक काढायला घेतलं. वन्सं म्हणाल्या, "लिही."

ज्ञ म्हणजे उणे आठ.

मी वही फेकली. वन्संच्या पायाशी पडली. मी म्हटलं, हे गणित बिनडोक आहे, ज्यानं शोधलं तो बिनडोक आणि ज्यांनी शिकवलं त्याही. त्यांनी वही उचलून पान सरळ केलं. एवढंच म्हणाल्या, "गेल्या गुरुवारी उणे दोन आलं तेव्हा हेच गणित शहाणं होतं."

शुक्रवार, २२

परत केलं. आधी गोगलगायीला घालवलं, मग लांबूडकीला. तेच. मग आधी लांबूडकीला, मग मला. तेच. कोणालाही कोणत्याही क्रमानं घालवा, मी शेवटी उणे आठच उरते. असला चिवटपणा नातेवाइकांतही नाही बघितला.

म्हणजे मी त्या खोलीत एक तास बसले की आठ शर्ट कमी होतात. कसे? मी काय खाते? इतकी वर्षं मी नसते तर या लोकांनी हॉटेलवाल्यांना गोणपाटं पाठवली असती. कॉलर म्हणजे काय ते या दोघींना मी शिकवलं. मग आठ शर्ट जातात कुठे?

आज शर्ट चुरगाळताना मोजले. मोजायचे नव्हते, पण एकदा आकड्यांची खाज लागली की लागली. तासाभरात पाच झाले. तेवढ्यात मोजत असल्याचं लक्षात आलं आणि सहावा तसाच हँगरवर ठेवला. त्याला चुणी होती.

पाच. उरलेले तीन कुठे गेले? गोगलगाय माझ्याकडे बघत होती. मी ओरडले, "माझ्याकडे काय बघतेस, कॉलरकडे बघ!" इस्त्री उचललेली तशीच राहिली तिच्या हातात.

कदाचित तिथे.

मंगळवार, २६

गुडघा दुखतोय असं सांगून आज आत गेलेच नाही. बाहेर, पावत्यांच्या टेबलाशी बसले. म्हटलं, एक दिवस मला बाहेर काढून बघू. गणित हरलं तर वन्संची कायमची बोलती बंद.

दोघी सहा सहा तास. वन्सं म्हणाल्या होत्या की हिशोबानं दोनशेअठ्ठावीस यायला हवेत.

दाराआडून आवाज येत होते. पहिला तास नुसती इस्त्री. मग लांबूडकी काहीतरी बोलली, मग दुसरी हसली. गोगलगाय हसते हे मला ठाऊकच नव्हतं, बेडकीसारखं हसते. मग दोघी गायला लागल्या. सूर एकीलाही नाही. मला वाटलं, झालं, आज शंभरही होत नाहीत.

दोनशेसव्वीस.

पुढची दांडी भरून मागची आणावी लागली. एकेक कॉलर उजेडात धरून बघितली. चुण्या होत्या काहींना. चार शर्टांना. पाचव्याला थोडीशी. पण हॉटेलातल्या गिऱ्हाइकाला सूप दिसतं, कॉलरची चुणी दिसत नाही, हे मलाही कळतं. कळतं म्हणून कोणाला सांगायचं नाही.

वन्संना आकडा सांगितला. मला वाटलं मिरवतील. त्या म्हणाल्या, "दोन कमी आले." एवढंच. शिक्षिका त्या शिक्षिकाच.

बुधवार, २७

सकाळी पर्समध्ये दोन कागद. एक दोन ओळींचा, जुना. एक तीन ओळींचा. मालक आले होते. कोणता द्यायचा ते केबिनच्या दारापर्यंत ठरलं नव्हतं. हे इथे लिहिते, कारण इथे खोटं लिहून फायदा नाही, वाचणारं कोणी नाही.

जुनाच दिला. सोपा पडतो. गोगलगाय जाईल, रडेल, कुठेतरी लागेल. मी राहीन. खोली माझी आहे.

मालकांनी कागद वाचला. वाचला कसला, खालचं उत्तर बघितलं. "लांबूडकी बत्तीस आणि गोगलगाय उणे दोन! वा, बाई! हा खरा आकडा! झालं की मग. आजच सांगून टाकतो तिला." आणि पेन उचललं.

माणूस उणे दोन शर्ट कसा इस्त्री करतो, हे त्यानं विचारलंही नाही. एक साधा प्रश्नसुद्धा नाही. डोळे मिटून सही करायला निघाला. एका बाईचं घर बुडवायला याला एवढंच लागतं, खाली रेघ मारलेला एक आकडा! असल्या बिनडोक माणसाशी हातमिळवणी करून मी जिंकायचं? त्यापेक्षा वन्संशी भांडून हरलेलं बरं.

कागद त्याच्या हातातून ओढून घेतला.

"अहो, काय करताय?"

"तो चुकलाय. हा घ्या."

दुसरा कागद त्याने नीट वाचला, कारण याला समजून घ्यावं लागलं. पेपरवेट फिरायला लागला. "हे ज्ञ म्हणजे..."

"मी."

"उणे आठ?"

"वाचता येतंय ना?"

पेपरवेट टेबलावरून खाली पडला. त्यानं उचलला नाही. "बाई, खरं सांगायचं तर मला... म्हणजे हॉटेलवाले... पण तुम्हाला कसं सांगणार?"

म्हणजे यालाही वाटत होतं! सगळ्यांना ठाऊक, फक्त मला नाही. इतकी वर्षं पेपरवेट फिरवत बसला, पण तोंडातून शब्द काढायची छाती नाही.

"आता ऐका," मी म्हटलं. "दोघींना ठेवा. दाबयंत्र नको. काल दोनशेसव्वीस आले, बाहेर दांडीवर आहेत, मोजा. मला मळक्या कपड्यांच्या शेडमध्ये टाका. डाग ओळखायला तिथे कोणाचं डोकं नाही."

"पण ती जागा... खालची आहे, बाई. हजेरीही तिथे धोबीच घेतो."

"स्टूल आहे ना?"

"आहे."

"मग झालं."

बाहेर येऊन जिन्यात उभी राहिले. छाती धडधडत होती. रक्तदाब असणार.

शुक्रवार, २९

शेडमध्ये दुसरा दिवस. धोबी म्हातारा आहे, कमी ऐकतो, त्यामुळे आमचं बरं जमेल. दोनच दिवसांत वेटरांच्या शर्टांवरून कोण काय खातो ते सगळं कळायला लागलंय. सॉसचा डाग आणि रक्ताचा डाग यातला फरक या लोकांना आजवर कोणी सांगितलाच नव्हता. सगळं एकाच पाण्यात टाकायचे. अडाणी.

दुपारी त्या दोघी आल्या. लांबूडकी दारातूनच म्हणाली, "मोठ्या बाई, इकडे कशा?"

"तुमची तोंडं बघायचा कंटाळा आला."

"मालक म्हणाले, कोणालाच काढत नाहीत. कसं काय झालं ते?"

"मालकांना विचारा. मला काय विचारता?"

गोगलगाय हळूच म्हणाली, "मी देवाला म्हटलं होतं."

"मग देवाचे आभार मान आणि कामाला लाग. पाळी चालू आहे." दोघी गेल्या. जाताना लांबूडकीनं एकदा मागे वळून बघितलं. मी एका शर्टावरचा डाग बघत होते. डाग नव्हताच तो, सावली होती.

संध्याकाळी वन्सं म्हणाल्या, "मग आता त्या खोलीत तुझी किंमत किती?"

"शून्य. आत जातच नाही तर किती असणार?"

"उणे आठावरून शून्य. ताशी आठ शर्टांची प्रगती आहे."

अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, "तुम्ही कधी स्वतःचा ज्ञ काढलात का? दुसऱ्याचा काढायला फार सोपा असतो."

"काढला होता," त्या म्हणाल्या. "वर्गातली तीस मुलं, आणि मी आत आले की त्यातल्या किती जणांची पेन्सिल थांबते, ते मोजत होते. आकडा मिळाला. म्हणून शाळा सोडली."

खरं की खोटं, कळलं नाही. या बाईचा चेहरा वाचता येत नाही. मी म्हटलं, "मग इतके दिवस माझ्याच मानगुटीवर का बसलात?"

"तुझी पेन्सिल थांबत नाही," वन्सं म्हणाल्या. "फेकतेस, पण परत उचलतेस."

 मी म्हटलं, चहात जरा साखर घालत चला, नुसत्या गणितानं तो गोड होत नाही.